पहिला पाऊस आणि पेरणीचा निर्णय

मे महिना संपत आला की नांगरट, कुळवणी व धसकटे वेचणे ही कामे आटोपून शेतकरी आभाळाकडे नजर लावून बसतो. बियाणे घरात आलेले असते, खताची तजवीज झालेली असते. अशातच एखाद्या दुपारी ढग दाटून येतात, विजा कडाडतात आणि तासाभराची जोरदार सर पडते. शेजारचा शेतकरी पाभर बाहेर काढतो. आपण मागे राहू या धास्तीने दुसराही तेच करतो. पुढे दहा-पंधरा दिवस आकाश कोरडे राहते. बी फुगते, काही अंकुर वर येतात आणि उन्हाने करपून जातात. मग दुबार पेरणी करावी लागते. बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दुप्पट होतो. पहिल्या पेरणीसाठी ज्याने कर्ज काढलेले असते, त्याला दुसरे कर्ज शोधावे लागते.

हे नुकसान पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आकाशातून पडणारा प्रत्येक पाऊस हा मोसमी पाऊस नसतो. पावसाचे प्रकार वेगवेगळे असून ते वेगवेगळ्या कारणांनी उत्पन्न होतात. पडलेला पाऊस कोणत्या प्रकारचा आहे हे ज्याला ओळखता येते, त्याला पेरणीचा निर्णय घेणे सोपे जाते.

हवेतील पाणी

समुद्र, नद्या, तलाव, ओली जमीन व झाडांची पाने यांतील पाणी सूर्याच्या उष्णतेने वाफ होऊन सतत हवेत मिसळत असते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. हवेत किती वाफ मावेल हे हवेच्या उष्णतामानावर अवलंबून असते. तीस अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. वीस अंशाला १७ ग्रॅम, तर दहा अंशाला केवळ ९ ग्रॅम मावते. म्हणजेच उष्ण व दमट हवा पुरेशी थंड झाली की तिला न पेलणारी वाफ पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळी दिवसांत थंडगार पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याच्या बाहेरून पाणी जमते, ते याच कारणाने. तांब्या गळत नसतो. त्याला लागलेली हवा थंड होऊन तिच्यातील वाफेचे पाणी होत असते.

आकाशात हवा थंड होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ती वर चढणे. उंचावर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे वर जाणारी हवा पसरते आणि पसरताना थंड होते. सायकलच्या चाकातील हवा सोडताना ती बोटांना गार लागते, हा अनुभव सर्वांना आहे. कोरडी हवा दर शंभर मीटर चढाला सुमारे एक अंशाने थंड होते. पुरेशी थंड झाल्यावर तिच्यातील वाफ धुळीच्या व समुद्री मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती जमू लागते आणि ढग तयार होतो. ढगातील जलकण इतके बारीक असतात की ते हवेतच तरंगत राहतात. असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे, तेव्हा पावसाचा एक थेंब बनतो. म्हणूनच प्रत्येक ढग पाऊस देत नाही. वाफेचा पुरवठा भरपूर असेल आणि हवा वर चढत राहील तरच ढगातून पाऊस पडतो.

तात्पर्य, पावसाला दोन गोष्टी लागतात : दमट हवा आणि ती वर उचलणारे काही कारण. महाराष्ट्रात हवा वर उचलली जाण्याची प्रमुख कारणे तीन आहेत.

वळवाचा पाऊस

पहिले कारण म्हणजे जमिनीचे तापणे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात उष्णतामान पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाते. मराठवाड्यात व खानदेशातही जमीन चांगलीच भाजून निघते. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वेगाने वर चढते. समुद्रावरून थोडी दमट हवा आत आलेली असेल तर दुपारनंतर दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. वादळी वारा, विजा, कधी गारा आणि जोराचा पाऊस असे याचे स्वरूप असते. हाच वळवाचा पाऊस.

वळवाची खूण अशी की तो दुपारी वा सायंकाळी येतो, एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवारात पडत नाही. सकाळी आकाश पुन्हा निरभ्र होते व उन्हाचा तडाखा कायम राहतो. त्याच्यामागे समुद्रावरून सतत येणाऱ्या दमट वाऱ्याचे बळ नसते; जवळची वाफ संपली की पाऊस संपतो. हा पाऊस मशागतीला उपयुक्त आहे. त्याने ढेकळे फुटतात व तणाचे बी उगवून कुळवाच्या पाळीने मारता येते. मात्र त्याच्या भरवशावर पेरणी करणे धोक्याचे आहे.

मोसमी वारे आणि सह्याद्री

दुसरे कारण डोंगर हे होय. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. भारतीय भूखंडावरील हवेचा दाब कमी होतो आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील व्यापारी वारे उत्तरेकडे ओढले जातात. पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्त ओलांडल्यावर ते उजवीकडे वळतात व नैर्ऋत्येकडून येऊ लागतात. हजारो किलोमीटर समुद्रावरून येताना त्यांच्यात अमाप बाष्प साठते. हेच नैर्ऋत्य मोसमी वारे.

कोकणपट्टी ओलांडताच या वाऱ्यांपुढे सह्याद्री भिंतीसारखा उभा राहतो. हवेला वर चढावेच लागते, ती थंड होते आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. माथा ओलांडल्यावर तीच हवा पूर्वेकडे खाली उतरते. उतरताना ती दबली जाते, उष्ण होते आणि तिची बाष्प धारण करण्याची शक्ती वाढते. त्यामुळे ढग विरळ होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून जवळच पूर्वेला असलेल्या पाचगणीस तो सुमारे एक तृतीयांश होतो आणि घाट उतरून वाईस येईपर्यंत सातशे-आठशे मिलिमीटरवर येतो. आणखी पूर्वेकडे माण, आटपाडी, सांगोला या भागांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपासच असतो. वारा एकच, हंगाम एकच. परंतु डोंगराच्या कोणत्या बाजूस गाव वसले आहे यावर त्याचे पाणी ठरते.

कमी दाबाची क्षेत्रे

तिसरे कारण म्हणजे कमी दाबाची क्षेत्रे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात अशी क्षेत्रे वारंवार निर्माण होतात व पश्चिमेकडे आणि वायव्येकडे सरकतात. त्यांच्याकडे चोहोबाजूंनी हवा धाव घेते आणि मध्यभागी एकत्र येऊन वर चढते. विदर्भ व मराठवाडा यांना मिळणाऱ्या पावसाचा मोठा भाग या क्षेत्रांवर अवलंबून असतो. ती एकामागून एक येत राहिली तर पाऊस चांगला होतो. ती आली नाहीत, किंवा पावसाचा पट्टा उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, तर मध्य भारतात व दख्खनमध्ये पावसात खंड पडतो. कोकणात त्या काळीही वाऱ्याच्या बळावर सरी येत राहतात. पठारावर मात्र पिके सुकू लागतात.

पावसाने घडविलेले जीवन

माणसांनी या भिन्न पर्जन्यमानाशी जुळवून घेऊन आपले जीवन बसविले आहे. कोकणात उतरत्या छपरांची घरे व भाताची खाचरे. डोंगरउतारावर नाचणी व वरी. पठारावर धाब्याची घरे, ज्वारी व बाजरीची भाकरी. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पाऊस चांगला असला तरी मध्येच खंड पडतो. भाताला तो सोसत नाही. म्हणून तेथील पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले. ते मालगुजारी तलाव म्हणून आजही ओळखले जातात. पठारावरील मेंढपाळ पावसाळा सरल्यावर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी परत फिरतात. कोकणातील शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसतात व त्याला खत मिळते.

सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रब्बी ज्वारी हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथील खरीप हंगामातील पाऊस बेभरवशाचा, पण सप्टेंबर-ऑक्टोबरातील उत्तरा व हस्त नक्षत्रांचा पाऊस त्यामानाने खात्रीचा. म्हणून शेतकरी पावसाळ्यात भारी काळी जमीन कुळवून तयार ठेवतो, तिच्यात ओल साठवितो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरतो. पुढे पाऊस न झाला तरी जमिनीतील ओलीवर व थंडीवर हे पीक हाती येते. एक मीटर खोल भारी काळी जमीन पिकाला उपयोगी पडणारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठवू शकते. हलक्या मुरमाड जमिनीची ही शक्ती फारच थोडी असते. आकाशाप्रमाणेच जमिनीचाही विचार करून पीक निवडण्याची ही रीत कित्येक पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे.

मोसमी पाऊस आला हे कसे ओळखावे

मोसमी वारे केरळात साधारणतः १ जूनला व मुंबईत ११ जूनला पोहोचतात आणि त्यानंतर राज्याच्या अंतर्भागात पसरतात. तथापि ही सरासरी आहे, वचन नव्हे. २०२३ साली ते केरळात ८ जूनला आले आणि मुंबईत पोहोचण्यास २५ जून उजाडला. उलट २०२५ साली ते २४ मे रोजी केरळात व २६ मे रोजी मुंबईत दाखल झाले. मुंबईत ते इतक्या लवकर आल्याची नोंद यापूर्वी नव्हती. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे १९५६ ही होती. परंतु लवकर आलेल्या या वाऱ्यांची वाटचाल पुढे थबकली आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात राज्याच्या पुष्कळ भागांत पावसाने उघडीप दिली. अशा वर्षी नुसत्या आगमनाच्या बातमीवर पेरणी करणारा शेतकरी अडचणीत येतो.

खऱ्या मोसमी पावसाच्या खुणा पुढीलप्रमाणे होत. वारा कित्येक दिवस पश्चिमेकडून वा नैर्ऋत्येकडून सतत वाहतो. ढग खालच्या थरात येऊन सबंध आकाश झाकतात. पाऊस दुपारपुरता न राहता रात्रीही व पहाटेही पडतो आणि तो एका गावापुरता नसून सबंध तालुक्यात, जिल्ह्यात पडतो. दिवसाचे उष्णतामान एकदम उतरते व हवेतील दमटपणा टिकून राहतो. मृग नक्षत्र ७-८ जूनला आणि आर्द्रा २१-२२ जूनला लागते. ही नक्षत्रे कामाची आठवण देण्यास उपयोगी आहेत. पण नक्षत्र लागले म्हणून पाऊस लागला असे समजू नये.

पेरणीपूर्वी किती पाऊस हवा

कृषी विभागाची शिफारस अशी आहे की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. या आकड्यामागील हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी पडते. वीस मिलिमीटरची सर म्हणजे ऐंशी हजार लिटर. हा आकडा मोठा वाटतो. पण जूनच्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत उघड्या भांड्यातील पाणी दररोज सात-आठ मिलिमीटरने, कधी त्याहूनही अधिक कमी होते. उन्हाळाभर तापलेल्या जमिनीत वीस मिलिमीटर पावसाने वरचा थरच भिजतो आणि तो थोड्याच दिवसांत वाळून जातो.

आता बियाची गरज पाहू. सोयाबीनच्या बियाला अंकुरण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्मे पाणी शोषून घ्यावे लागते. एकदा बी फुगून अंकुर सुटला की त्याला माघार घेता येत नाही. मूळ खालच्या ओलीपर्यंत पोहोचण्यापूर्वी वरचा थर वाळला तर रोप मरते. पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस जिरलेला असेल तर खालच्या थरात ओलीचा साठा राहतो आणि आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तरी रोप तग धरते. शंभर मिलिमीटर पाऊस एकाच तासात पडून वाहून गेला तर मात्र तो हिशेबात धरू नये. जमिनीत जिरलेला पाऊस तोच खरा.

म्हणून पेरणीपूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी कुदळीने खणून पाहावे. वीतभर खोलीपर्यंत सलग ओल आहे काय, की मध्ये कोरडा थर राहिला आहे, हे डोळ्यांनी तपासावे. ओल असली तरी वाफसा येण्याची वाट पाहावी. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा आणि तो खाली टाकताच फुटावा, ही वाफशाची ओळखण. चिखलात पेरणी केल्यास माती घट्ट बसून उगवण बिघडते.

पेरणीस चार-सहा दिवस उशीर झाला तर उत्पन्न घटेल, ही भीती निराधार नाही. परंतु वाया गेलेल्या पेरणीचा खर्च त्याहून जड असतो. पाऊस फारच लांबला तर पीक बदलावे. मूग व उडीद यांची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटोपणे चांगले. त्यानंतर बाजरी, तूर, सूर्यफूल यांचा विचार करावा. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घेतल्यास खंड पडूनही एक ना एक पीक पदरात पडण्याची शक्यता वाढते.

अंदाज आणि नोंद

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली पुण्यास आले आणि १९३२ साली तेथे शेतीविषयक हवामानाची स्वतंत्र शाखा सुरू झाली. हा विभाग आज जिल्हानिहाय पाच दिवसांचा अंदाज देतो; ‘मेघदूत’ या मोबाइल ॲपवरही हवामानाची माहिती व पीकसल्ला मिळतो. पेरणीचा विचार करताना हंगामाच्या एकूण अंदाजापेक्षा या पाच दिवसांच्या अंदाजाकडे अधिक लक्ष द्यावे. ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ याचा अर्थ प्रत्येक गावात तो वेळेवर पडेल असा होत नाही. प्रशांत महासागराचे पाणी तापले, म्हणजे एल निनोची स्थिती आली, की २००२ व २००९ सालांप्रमाणे भारतात पाऊस पुष्कळदा कमी पडतो. पण १९९७ साली एल निनो तीव्र असूनही देशातील पाऊस सरासरीइतका झाला होता.

शिवाय पृथ्वीचे उष्णतामान वाढत आहे. एक अंश अधिक उष्ण हवेत सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. त्यामुळे थोड्या वेळात फार मोठा पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत आहेत. वाडवडिलांच्या काळचे ठोकताळे जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. यास्तव गावातील पावसाची मोजदाद गावातच होणे अगत्याचे आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याकामी पुढाकार घ्यावा. महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राची नोंद उपयुक्त असतेच. परंतु वळवाचा पाऊस दोन मैलांवर बदलतो, हे वर सांगितलेच आहे. शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक बसवावा. झाडे व इमारती त्याच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असाव्यात. पर्जन्यमापक नसल्यास सरळ बाजूंचे व सपाट बुडाचे भांडे उघड्यावर ठेवून त्यातील पाण्याची खोली पट्टीने मोजली तरी काम भागते. दररोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करावी, आकडा वहीत लिहावा आणि चावडीवरील फळ्यावर त्या दिवसाचा व १ जूनपासूनचा एकूण पाऊस मांडावा. शाळेतील मुले हे काम आनंदाने करतात.

असा फळा गावात असला म्हणजे शेजाऱ्याची पाभर पाहून पेरणी करण्याची गरज राहत नाही. पंच्याहत्तरचा आकडा ओलांडला, कुदळीला ओल लागली, वाफसा आला आणि पुढील पाच दिवसांचा अंदाज अनुकूल आहे, एवढ्या चार गोष्टी जुळल्या की तिफण जुंपावी. त्या जुळेपर्यंत बियाणे कोरड्या जागी पोत्यात राहू द्यावे. घरात राखलेले बी पुढच्या पावसाला पेरता येते. करपलेले बी पुन्हा विकत आणावे लागते.